मी गाळलेलं वाक्य

मी तोंडाची फटकळ आहे. माहेरी मला तोफ म्हणायचे. इथे ऑफिसात मॅनेजरशी भांडते, मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांना सुनावते, नवऱ्याचं तर विचारूच नका. पण पोलीस दिसला की माझी पाचावर धारण बसते. मागे पोलिसांची गाडी आली की सिग्नलला उभी असतानासुद्धा मी स्पीड बघते. काही केलेलं नसतं, तरी हाताला घाम सुटतो. या भित्रेपणाची मी स्वतःच पुष्कळ थट्टा केली आहे. ती थट्टा आता करवत नाही.

त्या उन्हाळ्यात सासू-सासरे आमच्याकडे अमेरिकेत, ट्रॉयला आले होते. मिशिगनला जूनमध्ये रात्रीची जेवणं आटोपली तरी बाहेर लख्ख ऊन असतं. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, शतपावली करायची, हा सासूबाईंचा कायदा. सासऱ्यांना त्याचा मनापासून कंटाळा. त्या दिवशी ते सोफ्यावर पाय घेऊन मॅच बघत होते. "आज राहू दे गं," म्हणाले. "उठा, पोट बघा केवढं सुटलंय," म्हणत आईंनी त्यांना उठवलंच. मी डिशवॉशर लावत होते. "येतो गं," असं बाबा म्हणाले, आणि दार लागल्याचा आवाज आला.

आमच्या घरापासून फुटपाथ आहे, पण मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो दोनशे पावलं गायब होतो आणि मग पुन्हा सुरू होतो. तेवढं अंतर रस्त्याच्या कडेने, पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून चालावं लागतं. दोघं जन्माच्या सवयीने डावीकडून चालत होते. इथे गाड्या उजवीकडून जातात, त्यामुळे समोरून येणारी गाडी त्यांना दिसत होती. पुढे सगळं यावरच येऊन ठेपलं. आईंना गाडी दिसत होती आणि गाडीतला माणूसही दिसत होता.

शेजारीण धावत मला बोलवायला आली. मी होते तशी, ओल्या हातांनी पळाले. नवरा कामासाठी टेक्सासला गेलेला. रस्त्यावर एक कुरिअरची व्हॅन तिरकी उभी होती. अँब्युलन्सचं मागचं दार उघडं होतं, आत तीन माणसं वाकलेली होती, आणि त्यांच्यामधून मला बाबांची फक्त पावलं दिसली. आई गवतावर बसल्या होत्या. एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती. व्हॅनचा ड्रायव्हर माझ्याच वयाचा असेल, पलीकडे कडेला बसून ओंजळीत तोंड घालून रडत होता.

पोलीस ऑफिसर फार सभ्यपणे बोलला. त्या सभ्यपणाने मी जास्तच घाबरले. छातीवरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हे सगळं रेकॉर्ड होतंय, चालेल ना? मी मान हलवली. मग म्हणाला, या काय सांगताहेत ते मला इंग्लिशमध्ये सांगाल का? मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोय असते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आईंनी माझा हात धरला आणि हंबरडा फोडला. "मीच मारलं गं यांना! नको नको म्हणत होते, मीच ओढून आणलं. मीच घालवलं माझ्या हाताने!"

आपल्याकडे बाई अशीच रडते. मीच करंटी, माझंच नशीब फुटकं, मीच घालवलं. आजूबाजूच्या बायका म्हणतात, "असं नको गं बोलू," आणि स्वतःचेही डोळे पुसतात. तिने खरंच काही केलंय असं कुणाच्या मनातही येत नाही. उलट असं न बोलता कोरडी बसली तर लोक घाबरतात. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी ऑफिसरला शब्दाला शब्द सांगितलं. ती म्हणते, चूक तिची आहे. ते नको म्हणत होते, तिनेच त्यांना ओढून आणलं. त्याने ते लिहून घेतलं.

मग आईंनी अँब्युलन्सकडे बघत, आवाज एकदम खाली आणून म्हटलं, "तो मान खाली घालून हातातलं काहीतरी बघत होता गं. मी ओरडले, हात केला. त्याने वर बघितलंच नाही."

मी हे ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं.

आणि मी ते गिळलं.

का, ते सांगते. आमची ग्रीनकार्डची फाईल तेव्हा अडकून पडली होती. कुणावर आळ घेतला, पोलिसांच्या वहीत नाव गेलं, उद्या कुणी फाईल उघडून बघितलं तर? हा माणूस इथला, आपण बाहेरचे. तो रडतोय. बाबा आत आहेत, वाचतीलही. कशाला नसतं झेंगट? हे सगळं एवढ्या शब्दांत डोक्यात आलं नाही, नुसती जीभ टाळ्याला चिकटली. इतर वेळी कुणाला बोलू न देणारी मी!

"आणखी काही म्हणाल्या?" ऑफिसरने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एवढंच."

बाबा हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

पोलिसांचा रिपोर्ट काही आठवड्यांनी आला. नवऱ्याने किचनमध्ये उभ्याउभ्या वाचला. मयताच्या पत्नीच्या सांगण्यानुसार चूक तिची असून तिने पतीला ओढले, असं त्यात होतं. ड्रायव्हरने सांगितलं होतं, ऊन डोळ्यांवर येत होतं आणि ती दोघं अचानक पट्टीच्या आत आली. दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवली की चित्र तयारच होतं. बाईने नवऱ्याला गाडीसमोर ओढलं.

"आई असं म्हणाली?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणाल्या," मी म्हटलं. ते खोटं नव्हतंच.

माझे वडील म्हणायचे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पण नवरा इरेला पेटला होता. त्याने वकीलबाई गाठल्या. मध्यम वयाच्या, सडेतोड, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी आम्हाला समजावलं की इथे चूक टक्क्यांत वाटतात. गाडीवाल्याने जेवढी काळजी घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही, हे आपण दाखवायचं. पलीकडचे, म्हणजे कुरिअर कंपनीचे वकील, दाखवणार की चूक तुमचीच जास्त. निम्म्याच्या वर तुमची ठरली, तर दाव्यात राम उरला नाही. आणि पलीकडच्यांकडे तर आईंचंच वाक्य होतं. म्हणजे बाबा कसे गेले, याचा कायमचा कागद होणार होता, आणि त्या कागदावर बाबांना मारणारी म्हणून आईंचं नाव राहणार होतं.

नंतर आईंनी मुलाला सांगितलं, ड्रायव्हर खाली बघत होता. त्याने वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी कुरिअर कंपनीकडे ड्रायव्हरच्या हातातल्या स्कॅनरची नोंद मागितली. त्यावर पुढचा पत्ता कधी बघितला, बटण कधी दाबलं, सगळं उमटतं म्हणे. कंपनीने कळवलं, नोंदी ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, त्या दिवसाची आता नाही. "हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं, तर मी लगेच पत्र पाठवून ते पुसणं थांबवलं असतं," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या आईंनी त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

मी शेजारीच बसले होते.  मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले आणि बराच वेळ शोधत राहिले.

तेव्हापासून भीतीने माझ्या घरात बिऱ्हाडच केलं. वकिलांचं पाकीट आलं की ते दोन दोन दिवस तसंच ठेवायचे. लंच ब्रेकमध्ये गुगलवर खोट्या साक्षीला काय शिक्षा असते ते शोधायचे आणि लगेच हिस्टरी पुसायचे, जणू गुगलच माझ्यावर केस करणार होता. ऑफिसरच्या छातीवरचा तो कॅमेरा मला भर दुपारी, भाजी घेताना आठवायचा. त्यात सगळं आहे. आज ना उद्या कुणीतरी ऐकणार. रोज वाटायचं आज कळेल, आणि कळलं नाही की वाटायचं, चला, आजचा दिवस निभावला. दिवस निभावला याचा आनंद व्हायचा आणि मग स्वतःचीच शिसारी यायची.

आईंनी मला दोनदा विचारलं. पहिल्यांदा इथेच, कोथिंबीर निवडताना. "मी तेव्हा बोलले का गं काही? तो खाली बघत होता म्हणून? मला वाटतं, मी बोलले होते तुझ्याजवळ." मी म्हटलं, "आठवत नाही हो आई. केवढा गोंधळ होता." दुसऱ्यांदा त्या नाशिकला परत गेल्यावर, व्हिडिओ कॉलवर. मी तेच उत्तर दिलं. या वेळी त्या म्हणाल्या, "नसेनच बोलले मग. मनातच राहिलं असेल. कदाचित मी बघितलंही नसेल, नंतरच मनाने घेतलं असेल." त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. नणंद फोनवर सांगायची, आई जेवल्यावर जागची हलत नाही. शतपावलीचं नाव काढलं तरी रडते.

वर्ष उलटल्यावर आई साक्षीसाठी परत आल्या. इथे खटला उभा राहण्याआधीच वकिलांच्या ऑफिसात शपथेवर जबानी घेतात. पलीकडचा वकील प्रश्न विचारतो आणि एक बाई छोट्या मशीनवर अक्षर न् अक्षर टिपते. आईंची जबानी व्हायची होती, आणि भाषांतर मी केलेलं म्हणून माझीही. आईंसाठी कोर्टाचा दुभाषा येणार होता. त्याच्या एक आठवडा आधी वकीलबाईंनी आम्हा तिघांना तयारीसाठी बोलावलं. त्या दिवशी दुभाषा नव्हता. "आज तुम्हीच सांगा त्यांना," त्या मला म्हणाल्या.

टेबलावर कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगची छापील प्रत होती. मी ती उचलली. माझं इंग्लिश त्यात जसंच्या तसं होतं. आईंचं बोलणं जिथे जिथे होतं, तिथे टाईप करणाऱ्याने फक्त "परकी भाषा" एवढंच लिहिलं होतं. सगळीकडे तेच. शेवटच्या "परकी भाषा"पुढे माझं भाषांतरच नव्हतं. खाली ऑफिसरचा प्रश्न आणि माझं उत्तर होतं. नाही, एवढंच.

म्हणजे कुणी ऐकलंच नव्हतं. घरच्या माणसाने भाषांतर केलंय म्हटल्यावर पुन्हा कोण ऐकणार? लाजत सांगते, क्षणभर माझा जीव भांड्यात पडला.

मग वकीलबाईंनी प्रश्न विचारला. "त्यांना विचारा, ड्रायव्हर खाली बघत होता हे त्यांनी सगळ्यात पहिल्यांदा कुणाला आणि कधी सांगितलं? पलीकडचा वकील हेच विचारणार. त्या क्षणी तोंडातून निघालेलं कोर्ट खरं मानतं. महिन्यांनी आठवलेलं म्हणजे शिकवलेलं, असंच ते म्हणणार."

मी आईंना मराठीत विचारलं. आई साडीचा पदर नीट करून ताठ बसल्या. शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई, उत्तर द्यायचं म्हणजे त्या तशाच बसतात.

"त्यांना सांग," आई म्हणाल्या, "मी त्या दिवशी कुणालाच बोलले नाही. नंतर मुलाला सांगितलं. देवाशपथ सांगायचंय तर मी खोटं नाही सांगणार. केस गेली तर जाऊ दे."

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. वकीलबाई माझ्याकडे बघत थांबल्या. मी फक्त एवढंच इंग्लिशमध्ये सांगायचं होतं. पुढच्या आठवड्यात तेच शपथेवर सांगून आई स्वतःच्या हाताने स्वतःला दोषी ठरवणार होत्या. का, तर मी आठवत नाही म्हटलं म्हणून.  

"त्यांनी मला सांगितलं होतं," मी इंग्लिशमध्ये म्हटलं. "त्याच वेळी. तिथेच, गवतावर. मी ऑफिसरला सांगितलं नाही."

 नवरा म्हणाला, "काय?" मराठीतच. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

वकीलबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा शोधला, लॅपटॉप ओढला आणि रेकॉर्डिंग लावलं. आधी सायरन, मग माणसांचे आवाज, आणि मग आईंचा तो हंबरडा. समोर बसलेल्या आई दचकल्या, त्यांनी टेबलाची कड धरली. मीच मारलं गं यांना. मग माझा इंग्लिश आवाज, थरथरणारा, शाळेतल्या मुलीसारखा. आणि मग हळू आवाजात, पण स्वच्छ, तो मान खाली घालून हातातलं काहीतरी बघत होता गं. मी ओरडले, हात केला. त्याने वर बघितलंच नाही.

"परत लावायला सांग," आई म्हणाल्या.

परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग आईंनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी तुला दोनदा विचारलं होतं."

"हो, आई."

 पुढे कितीतरी दिवस नवरा माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. एकदाच म्हणाला, "तू घाबरलीस ते मी समजू शकतो गं. पण आईला आठवत नाही म्हणालीस, ते नाही समजत." मलाही ते धड समजावता येत नव्हतं. एकदा घाबरून गप्प बसलं की मग त्या गप्प बसण्याचीच भीती वाटायला लागते, एवढंच मला ठाऊक आहे.

आईंची जबानी झाली आणि दुसऱ्या दिवशी माझी. हात वर करून मी शपथ घेतली. पलीकडचा वकील शांत, थंड. ऑफिसरला तुम्ही एवढंच म्हणालात, ते खोटं होतं? हो. सासूबाईंना आठवत नाही म्हणालात, तेही खोटं? हो. केसचा फायदा तुमच्या कुटुंबालाच होणार ना? हो. मग आज तुमच्यावर का विश्वास ठेवायचा?

 आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या, दुभाषा माझं प्रत्येक उत्तर त्यांच्या कानात मराठीत सांगत होता.

"माझ्यावर नका ठेवू," मी म्हटलं. "मी भित्री आहे. त्या टेपवर ते बोलणं माझं नाहीये, त्यांचं आहे. त्यांच्यावर ठेवा."

 त्याने आणखी दोन तास प्रश्न विचारले. बाहेर आले तेव्हा ब्लाऊज पाठीला चिकटला होता. 

काही आठवड्यांनी ड्रायव्हरची जबानी झाली. आम्ही गेलो नाही. वकीलबाईंनी त्यालाही ती टेप ऐकवली आणि दुभाष्याला तिचा अर्थ सांगायला लावला. मग विचारलं, ऊन डोळ्यांवर होतं, हे आजही शपथेवर सांगता? त्याचं उत्तर असलेलं पान त्यांनी आम्हाला पाठवलं. यानंतर खटला उभाच राहिला नाही, कंपनीने आधीच पैसे देऊन मिटवलं. पण आईंना त्यातलं काही नको होतं. त्यांना ते पान हवं होतं.

पान आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं नाशिकला परतायचं विमान होतं. सकाळी बॅगा दाराशी होत्या. नवरा म्हणाला, मी वाचून दाखवतो. आई म्हणाल्या, नको, ती वाचेल.

मी पान हातात घेतलं आणि एकेक शब्द मराठीत सांगितला. ऊन नव्हतं. मी स्कॅनरवर पुढचा पत्ता बघत होतो. मला आवाज ऐकू आला, पण मी वर बघितलं तेव्हा उशीर झाला होता. ती दोघं रेषेच्या बाहेरच होती. त्या बाईंनी काहीही केलं नाही.

"परत वाच," आई म्हणाल्या. मी परत वाचलं.

"म्हणजे मी नाही मारलं यांना."

"नाही, आई."

त्यांनी पान माझ्याकडून घेतलं, घडी घालून पर्समध्ये पासपोर्टाजवळ ठेवलं आणि चेन लावली.

"तू त्याच दिवशी सांगितलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर मला हा कागद लागला नसता."